पडदा उघडण्याआधीचा गाजावाजा

एखादा मोठा इंग्रजी चित्रपट यायचा असला की घरातल्या मुलांना त्याची तारीख परीक्षेच्या वेळापत्रकापेक्षा पक्की पाठ असते. त्यातही परग्रहावरच्या शत्रूने पृथ्वीवर हल्ला केल्याची कथा असेल तर विचारायलाच नको. आकाशात शहराएवढे यान, खाली सैरावैरा पळणारी माणसे, कानठळ्या बसवणारा आवाज, मग काळा पडदा आणि त्यावर फक्त एक तारीख. मोबाईलवर ही दोन मिनिटांची झलक पुन्हा पुन्हा पाहिली जाते. शाळेत तीच चर्चा, शिकवणीला तीच चर्चा, खालाच्या घरी चुलत-मावस भावंडे जमली तरी तीच चर्चा. आणि मग एके दिवशी मागणी येते, "अम्मी, सगळे पहिल्याच दिवशी जाणार आहेत. मीच एकटा राहीन."

गंमत अशी की या टप्प्यावर चित्रपट कोणीच पाहिलेला नसतो. चांगला की वाईट, हे सांगू शकणारा माणूस आपल्या ओळखीत एकही नसतो. तरीही तो पाहिलाच पाहिजे, असे सर्वांचे मत झालेले असते. हे मत कोठून आले? ते कोणीतरी, भरपूर पैसा खर्चून, महिनोन् महिने आधीपासून तयार केलेले असते. चित्रपट पाहावा की पाहू नये, हा प्रत्येक घराचा आपापला निर्णय आहे. पण तो निर्णय घरातल्यांनी घ्यावा, जाहिरातीने नव्हे. त्यासाठी हा गाजावाजा कसा उभा राहतो, ते समजून घेऊ या.

पाच महिने आधी उडवलेले व्हाइट हाउस

या धंद्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९६ सालचे आहे. चित्रपटाचे नाव 'इंडिपेन्डन्स डे'. दिग्दर्शक रोलँड एमरिक, मूळचे जर्मनीचे. खर्च सुमारे साडेसात कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने अडीचशे कोटी रुपयांच्या पुढे. कथा सरळ होती. २ जुलैला प्रचंड याने येतात, ३ जुलैला शहरे जाळतात आणि ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, माणसे उलटा वार करतात.

चित्रपट लागणार होता जुलैच्या सुरुवातीला. पण त्याचा खरा प्रयोग झाला २८ जानेवारीलाच. त्या दिवशी अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना होता. 'सुपर बोल' नावाचा हा सामना तिथे जवळजवळ सणासारखा पाहिला जातो. सामन्याच्या मधल्या जाहिरातींचे दर आपल्याकडच्या विश्वचषकाच्या सामन्यासारखे आभाळाला टेकलेले असतात. निर्मात्या कंपनीने सुमारे १३ लाख डॉलर मोजून तिथे छोटीशी जाहिरात दाखवली. त्यात परग्रहवासी दिसलेच नाहीत. दिसले ते अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान, व्हाइट हाउस, एका प्रकाशझोताने क्षणात उद्ध्वस्त होताना. दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या तोंडी सामन्याबरोबर ही जाहिरातही होती.

पुढच्या महिन्यांत संधी मिळेल तिथे हवा केली गेली. नेवाडा राज्यात 'एरिया ५१' नावाचा लष्करी तळ आहे. तिथे उडत्या तबकड्या दडवल्याच्या अफवा अनेक वर्षांपासून आहेत आणि चित्रपटाच्या कथेतही हा तळ होता. राज्य सरकारने पर्यटक वाढावेत म्हणून त्या भागातल्या रस्त्याला परग्रहवासीयांचा महामार्ग असे नाव द्यायचे ठरवले होते. त्या समारंभाला चित्रपटाची मंडळी जाऊन उभी राहिली. सरकारी पाटीचा कार्यक्रम चित्रपटाची फुकट जाहिरात बनला. गमतीची गोष्ट म्हणजे याच एरिया ५१ चा उल्लेख पटकथेतून काढायला निर्माते तयार झाले नाहीत, म्हणून अमेरिकी लष्कराने चित्रीकरणाला द्यायची मदत काढून घेतली होती.

शेवटी चित्रपट आला तेव्हा आठवड्याभरात अमेरिकेतच १० कोटी डॉलरचा टप्पा पार झाला. जगभरची कमाई ८१ कोटी डॉलरच्या पुढे गेली. त्या वर्षीचा तो सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला आणि दृश्यपरिणामांसाठी त्याला ऑस्करही मिळाले. लोकांना तो आवडलाही. पण धंद्याने त्यातून आपला धडा घेतला : आधी एक मोठी ओळखीची इमारत पाडून दाखवा, बाकीचे लोक स्वतःच बोलतील. तेव्हापासून अशा चित्रपटांच्या झलकांमध्ये किती पूल, किती मनोरे आणि किती पुतळे कोसळले, त्याची मोजदाद नाही. २००७ मध्ये एका झलकेत न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचे मुंडके रस्त्यावर येऊन आदळले. चित्रपटाचे नावसुद्धा सांगितले नव्हते, फक्त तारीख होती. 'क्लोव्हरफिल्ड' हा तो चित्रपट. पहिल्या शनिवार-रविवारी गर्दी लोटली. दुसऱ्या शनिवार-रविवारी कमाई दोन-तृतीयांशाने घसरली.

घाई कोणाच्या फायद्याची?

पहिल्याच दिवशी, पहिल्याच आठवड्यात या, असा आग्रह का असतो? उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. तिकिटाचा सगळा पैसा निर्मात्याला मिळत नाही. त्यातला मोठा वाटा चित्रपटगृह ठेवते आणि हा वाटा आठवड्यागणिक बदलतो.

आपल्याकडे हा वाद २००९ मध्ये चव्हाट्यावर आला. हिंदी चित्रपटांचे निर्माते आणि मल्टिप्लेक्सचे मालक यांचे भांडण इतके विकोपाला गेले की सुमारे दोन महिने मोठे नवे चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागलेच नाहीत. शेवटी तोडगा निघाला. निर्मात्याच्या बाजूला पहिल्या आठवड्यात उत्पन्नाचे ५० टक्के, दुसऱ्या आठवड्यात ४२.५, तिसऱ्या आठवड्यात ३७.५ आणि त्यानंतर ३० टक्के. म्हणजे तोच प्रेक्षक, तेच तिकीट. पण पहिल्या आठवड्यात आलेला माणूस निर्मात्याला जास्त मोलाचा. अमेरिकेतही मोठ्या चित्रपटांचे करार बराच काळ असेच उतरत्या वाट्याचे असत.

दुसरे कारण आणखी साधे आहे. चित्रपट वाईट निघाला तर बातमी पसरायला वेळ लागत नाही. पूर्वी आठवडा लागे, आता मध्यंतर पुरते. ती बातमी पसरण्याआधी जितकी तिकिटे विकली जातील तितकी पदरात पडतात.

आता हा हिशेब आपल्या घराच्या बाजूने मांडून पाहा. पाच जणांचे कुटुंब, पहिल्या आठवड्याचे चढे दर, मध्यंतरातले खाणे आणि जाण्यायेण्याची रिक्षा. मोठे हिंदी चित्रपट ईदच्या सुमारास लावायची पद्धत पडली आहे आणि त्यामागचे गणित उघड आहे : त्या दिवसांत घरात सुट्टी असते आणि मुलांच्या हातात ईदी असते. दादा, नाना, मामू, फुफी यांनी कौतुकाने दिलेले पैसे एका दुपारी संपतात. चित्रपट चांगला निघाला तर सार्थक झाले म्हणू. पण चांगला आहे की नाही हे कळण्याआधीच ते खर्च व्हावेत, यासाठीच तर सगळी धावपळ असते.

हवा होती, पण चित्रपट?

गाजावाजा झाला म्हणजे चित्रपट चांगला, हे किती खरे? २०११ मध्ये 'काउबॉईज अँड एलियन्स' आला. दिग्दर्शक 'आयर्न मॅन'चे जॉन फॅवरो, पडद्यावर डॅनियल क्रेग आणि हॅरिसन फोर्ड. खर्च १६ कोटी डॉलरच्या वर. पहिल्या शनिवार-रविवारच्या प्राथमिक आकड्यांत त्याची बरोबरी झाली ती छोट्या निळ्या 'स्मर्फ्स'च्या बालचित्रपटाशी! जगभरची एकूण कमाई साडेसतरा कोटींच्या आसपास थांबली. त्यातला चित्रपटगृहांचा वाटा आणि जाहिरातींचा वेगळा खर्च वजा केला की काय उरले असेल, ते सांगायला नको.

पुढच्या वर्षी 'बॅटलशिप' आला. कागदावर चौकोन आखून एकमेकांची जहाजे बुडवण्याचा मुलांचा खेळ आपल्यालाही ठाऊक आहे. त्या खेळात परग्रहवासी कुठेच नाहीत. चित्रपटात मात्र ते आणले, कारण तेव्हा तेच चालत होते. खर्च २० कोटी डॉलरहून अधिक, कमाई ३० कोटींच्या आसपास. कमाई जास्त दिसत असली तरी वर सांगितलेल्या हिशेबाने हा तोट्याचाच सौदा होता.

आणि खुद्द 'इंडिपेन्डन्स डे'? वीस वर्षांनी, जून २०१६ मध्ये, त्याचा दुसरा भाग आला. दिग्दर्शक तेच, खर्च दुपटीहून जास्त, १६ कोटी ५० लाख डॉलर. फुटबॉलच्या त्याच अंतिम सामन्यात पुन्हा जाहिरात. पण एक गोष्ट वेगळी होती. अमेरिकेत प्रदर्शनाआधी समीक्षकांना चित्रपट दाखवलाच नाही. वीस वर्षांत तिकिटे कितीतरी महागली होती, तरी पहिल्या शनिवार-रविवारी या भागाने ४ कोटी १० लाख डॉलर मिळवले. पहिल्या भागाने १९९६ मध्ये ५ कोटी मिळवले होते.

यातून आपल्या उपयोगाची एक खूण हाती लागते. आंबेवाला पेटी उघडून दाखवायला तयार नसेल तर आपण घेत नाही. जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओतणारा निर्माता समीक्षकांना चित्रपट दाखवायला मात्र कचरत असेल, तर निदान चार दिवस थांबावे.

घबराटीपेक्षा घबराटीची बातमी मोठी

परग्रहावरच्या हल्ल्याच्या कथांचा आणि अफवांचा संबंध फार जुना आहे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आली. मंगळावरचे लोक इंग्लंडवर चाल करून येतात, अशी ती कथा. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रविवारी रात्री ऑर्सन वेल्स या तरुण नटाने अमेरिकेच्या रेडिओवर तिचे नाट्यरूपांतर सादर केले. ते बातम्यांच्या धाटणीत होते : संगीताचा कार्यक्रम चालू आहे, मध्येच निवेदक सांगतो की न्यू जर्सीत काहीतरी कोसळले आहे. काही श्रोत्यांना ते खरे वाटले, काही घाबरले, काहींनी पोलिसांना फोन केले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी मथळे दिले की सगळा देश भेदरून रस्त्यावर आला. पिढ्यान् पिढ्या लोक हेच सांगत आले. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा चित्र वेगळे निघाले. त्या रात्री ५ हजार घरांत फोन करून झालेल्या पाहणीत सुमारे २ टक्के लोकच तो कार्यक्रम ऐकत होते. बरेच श्रोते दुसऱ्या केंद्रावरच्या लोकप्रिय विनोदी कार्यक्रमात रमले होते. रेडिओ त्या काळात वर्तमानपत्रांच्या जाहिराती पळवत होता. रेडिओ बेजबाबदार आहे, हे सांगण्याची संधी वर्तमानपत्रे कशाला सोडतील? आणि वेल्सचे नुकसान झाले का? मुळीच नाही. ज्या कार्यक्रमाला प्रायोजक नव्हता, त्याला सूपचे डबे विकणारी मोठी कंपनी प्रायोजक म्हणून मिळाली आणि त्याला स्वतःला हॉलिवूडचे दार उघडले.

हा किस्सा आपल्या मोबाईलच्या काळातही तितकाच लागू आहे. 'अमुक ठिकाणी लोक घाबरलेत' हा निरोप प्रत्यक्ष भीतीपेक्षा वेगाने धावतो. तो पुढे पाठवणाऱ्याला वाटते, आपण सावध करतो आहोत. कोणाचा तरी गल्ला त्यावर भरत असतो. अफवेचे चटके कोणाला आणि कसे बसतात, हे आपल्या घरांना वेगळे सांगायची गरज नाही.

बाहेरचा कोण?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अशा चित्रपटांची जाहिरात आपल्याला पैशाबरोबर आणखी एक गोष्ट मागते : कोणाला भ्यायचे, हे आधीच मान्य करा. चेहरा दिसत नाही, भाषा कळत नाही, म्हणजे तो शत्रू. त्याला मारले की टाळ्या. लहान मुले हे फार लवकर शिकतात.

मूळ कथेत मात्र हे इतके सरळ नव्हते. वेल्स यांनी कादंबरी लिहिली तेव्हा इंग्रजांचे साम्राज्य ऐन भरात होते आणि आपण त्याच्या टाचेखाली होतो. कादंबरीच्या सुरुवातीलाच ते आपल्या वाचकांना आठवण करून देतात की युरोपियनांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा कसा नायनाट केला. मग मंगळावरच्यांनी आपल्याशी तसेच वागले तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची? म्हणजे आक्रमण करणारे कोण, या प्रश्नाचे उत्तर वाचकाला आरशात शोधायचे होते. त्या कथेवर पुढे १९५३ आणि २००५ मध्ये मोठे चित्रपट आले, गाजलेही. पण जाहिरातीत आरसा दाखवून तिकिटे विकली जात नाहीत.

याला एक अपवाद आठवतो. २००९ चा 'डिस्ट्रिक्ट ९'. खर्च अवघा ३ कोटी डॉलर. कथा दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गची. तिथे अडकून पडलेले परग्रहवासी तारेच्या कुंपणाआड, गलिच्छ वस्तीत कोंडलेले असतात. चित्रपट येण्याआधी अमेरिकेतल्या शहरांत बसथांब्यांवर आणि बाकांवर सूचना झळकल्या की ही जागा फक्त माणसांसाठी आहे, इतरांना मनाई. वाचणारा आधी हसायचा, मग थबकायचा. कारण अशा पाट्या खरोखर लागत होत्या, माणसांसाठीच.

चित्रपटाचे नाव केपटाऊनच्या 'डिस्ट्रिक्ट सिक्स' या मोहल्ल्याची आठवण करून देते. तिथे नाना वंशांची, धर्मांची माणसे शेजारी शेजारी राहत. मुस्लिम कुटुंबेही मोठ्या संख्येने होती. १९६६ मध्ये वर्णद्वेषी सरकारने तो भाग फक्त गोऱ्यांचा म्हणून जाहीर केला. ६० हजारांहून अधिक लोकांना शहराबाहेरच्या ओसाड माळावर हलवले. घरे पाडली, मशिदी आणि चर्च तेवढे उभे राहिले, भोवतालची वस्ती गेलेले.

पण न्यायाची बाजू घेणाऱ्या या चित्रपटानेही नायजेरियाच्या लोकांना गुंड आणि अघोरी म्हणून रंगवले. नायजेरिया सरकारने त्यावर हरकत घेऊन तिथल्या चित्रपटगृहांना तो दाखवू नका असे सांगितले. एका परक्याची बाजू मांडताना दुसरा परका तयार झाला. आपल्या मुलांनी एवढे ओळखायला शिकले तर तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

आपल्याकडच्या चित्रपटांनी पाहुण्याची वाट जास्त पसंत केली आहे. २००३ च्या 'कोई... मिल गया'मधला जादू मुलांचा दोस्त होता आणि २०१४ च्या 'पीके'मधला परग्रहवासी आपल्यालाच प्रश्न विचारत फिरला. तिथेही चित्रपट येण्याआधी एका भित्तिपत्रकावरून वाद पेटला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने बंदी घालायला नकार दिला. तोवर भित्तिपत्रक घराघरांत पोहोचले होते.

घरात काय करता येईल?

पहिले म्हणजे, मुलांना नुसते नाही म्हणू नये. "पाहू या, पण चार-पाच दिवस थांबून" असे म्हणावे. चांगला चित्रपट आठवड्यात पळून जात नाही. तोवर आपापा, शेजारचा भाईजान, वर्गातला मित्र, कोणीतरी पाहून आलेले असते. त्यांना विचारावे. जाहिरातीपेक्षा त्यांचा शब्द भरवशाचा.

दुसरे, प्रमाणपत्र पाहावे. नोव्हेंबर २०२४ पासून आपल्याकडे यूए वर्गाचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग झाले आहेत. हे आकडे आईवडिलांना ठरवायला सोपे जावे म्हणूनच आहेत. मोठ्या भावासाठी काढलेल्या तिकिटात सहा वर्षांची बहीण सहज ओढली जाते आणि मग रात्री ती दिवा मालवू देत नाही.

तिसरे, घाबरलेल्या मुलाला "काही नसतं ते" एवढे सांगून भागत नाही. ते कसे केले, हे सांगावे. 'इंडिपेन्डन्स डे'मध्ये आगीची भिंत रस्त्यावरून धावत येते. त्यासाठी रस्त्याची छोटी प्रतिकृती उभी आडवी नव्हे, तर भिंतीसारखी उभी केली होती. खाली स्फोट केला, कॅमेरा वर ठेवला. ज्वाळा नेहमीप्रमाणे वर चढल्या आणि पडद्यावर त्या समोरून येताना दिसल्या. व्हाइट हाउसही प्रतिकृतीच होते. एवढे कळल्यावर भीतीची जागा कुतूहल घेते. घरातली आपा विज्ञान शिकत असेल तर तिने हे मेणबत्ती दाखवून समजावून द्यावे.

चौथे, पाहून परत येताना रिक्षात किंवा बसमध्ये दोनच प्रश्न विचारावेत. जाहिरातीत जे सांगितले होते, ते चित्रपटात होते का? आणि यात शत्रू कोणाला केले, का केले? उत्तर चुकले तरी चालेल. पुढच्या वेळी नवी तारीख झळकेल तेव्हा तीच मुले आपणहून म्हणतील, "अब्बा, आधी कोणीतरी पाहून येऊ दे."